उभ्यानं खाल्लेलं

९ जानेवारी

चौथ्या मजल्यावरच्या महाराणीस,

तुझं पत्र काल आलं. दुकानात एक गिऱ्हाईक उभं होतं, मी म्हटलं थांबा जरा, नातीचं पत्र आहे. ती बाई थांबली, आणि मी मोठ्यानं वाचतेय म्हटल्यावर शेवटपर्यंत थांबली. जाताना म्हणाली, खोली छान आहे हो तुमच्या नातीची. पाव न्यायला विसरली.

तुझी आई म्हणते, फोन करा ना, पत्रं काय लिहीत बसता. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं ती मला ओरडून सांगते, म्हणजे तुझं गुपित सबंध गल्लीला. त्यापेक्षा हे बरं. शाळा चौथीत सुटली माझी, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण तुला लागतं ना? मग झालं.

स्वतःची खोली, स्वतःची किल्ली! आपल्या घरात कुठल्या बाईकडे स्वतःची म्हणून किल्ली नव्हती गं. माझ्याकडे कोठाराची आहे, ती तुझा बाबा सकाळीच मागून नेतो. मी येणार, खिडकीशी असलेल्या त्या बिछान्यावर आडवी पडणार आणि तुला सांगणार, चहा आण. ठरलं.

पण चौथा मजला! आणि लिफ्ट नाही! शहरभरच्या लिफ्टा दुरुस्त करणारी पोरगी, आणि स्वतःच्या घरी जिने तुडवते. मी इतकी हसले की तुझ्या आईला वाटलं ठसका लागला.

आता कामाचं ऐक. गुडघेवाल्या डॉक्टरकडे जाऊन आले. त्यानं गुडघ्यांचे फोटो काढले, दिव्यावर लावले, आणि बघून तोंड वाकडं केलं. म्हणाला, उजवा बदलायचा. मी म्हटलं, बदला. म्हणाला, असा नाही, आधी सहा किलो कमी करा. जूनची तारीख दिलीय. तोवर कमी झालं तर ठीक, नाहीतर पुढचा नंबर कधी लागेल ते तोही सांगू शकत नाही. वर विचारतो, रोज किती कॅलरी खाता? मी म्हटलं, डॉक्टर, आमची बेकरी आहे, आमच्याकडे विकताना मोजतात, खाताना नाही. हसला नाही. त्याचं तोंडच तसं आहे, शिळ्या पावासारखं.

घरी आल्यावर मैद्याच्या काट्यावर उभी राहिले. ब्याऐंशी. म्हणजे दीड पोतं आणि वर थोडं. तुझा बाबा म्हणतो, आई, पोतं असतीस तर आपला फायदा झाला असता. जन्म दिला मी त्याला, हे त्याचं बोलणं!

तर आकडा तू काढ. तुला फोनमधलं कळतं. पण मी एकटी उपाशी बसणार नाही, सांगून ठेवते. या घरात जे येतं ते सारखं वाटलं जातं. तुझे आजोबा एका संत्र्याच्या फोडीसुद्धा मोजून द्यायचे. तर आकडाही सारखा. जो माझा तोच तुझा. तू पाळशील तर मी पाळीन. आणि मला खुर्चीत बसवून चौघांनी वर उचलून न्यायचं वगैरे मनात आणू नकोस. मी काय कपाट आहे?

तुझी,
आजी


२१ जानेवारी

दीड पोतं आणि वर थोडं असलेल्या आजीला,

अट वाचली. स्वतःला शिक्षा झाली की शेजारच्यालाही सोबत न्यायचं, ही तुझी पहिल्यापासूनची खोड. मंजूर. मलाही कमी करायचंच आहे. लिफ्टच्या डब्याच्या छताला एक झडप असते, तिच्यातून आम्ही वर चढतो. उस्ताद, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम शिकतेय ते, रोज म्हणतात, एक दिवस तू या झडपेत बुचासारखी बसणार आणि मला तुझ्यासकट लिफ्ट विकावी लागणार.

आकडा बाराशे. फोनवर ‘वजन लवकर कमी’ एवढं टाकलं की पहिला तोच येतो. गोल आहे, तुझ्याही लक्षात राहील. दोघींना बाराशे.

हिशेब असा: पावाचा एक काप म्हणजे ऐंशी धर. अंडं सत्तर. साखरेचा चमचा वीस. लोण्याचा चमचा शंभर. चमचा म्हणजे चमचा, आजी. तू ज्यानं लोणी लावतेस त्याला थापी म्हणतात, त्यानं गवंडी भिंत गुळगुळीत करतो.

जूनपर्यंत सहा किलो. मग गुडघा. मग माझा जिना. चहा मी करीन, पण बिनसाखरेचा.

तुझी नात


१५ फेब्रुवारी

अगं ए बाराशेवाली,

हा आकडा ज्यानं काढला त्याला एकदा माझ्यासमोर आणून बसव. त्याला बाराशेचं जेवण वाढते आणि समोर भट्टीतून ताज्या पावाचे पत्रे काढते. बघू किती वेळ बसतो.

मी पाळतेय, तुझी शपथ. सकाळी टेबलाशी बसते, एक अंडं, दोन काप, लोणी नखाएवढं. दुपारी वाटीभर भात, भाजी. संध्याकाळी सूप. सूप म्हणजे ज्यातून भाजी पळून गेली ते पाणी. तुझी आई समोर बसून बोटं मोडत बेरीज करते, जशी काही मी परीक्षेला बसलेय. अकराशे नव्वद भरले की ताट उचलते. दहा कॅलरी शिल्लक! मी विचारलं, त्या दहाचं काय मिळेल? म्हणाली, अर्धा चमचा साखर. मी म्हटलं, ठेव, तुझ्या बोलण्यात घाल.

आणि एवढं करून काय? काटा ढिम्म. ब्याऐंशी. मी उतरून पुन्हा चढले, पुन्हा ब्याऐंशी. चपला काढल्या, चष्मा काढला, तर आकडाच दिसेना. तुझ्या बाबानं पाहिलं, म्हणाला ब्याऐंशी. मग मैद्याचं पोतं ठेवून काटा तपासला. पोतं बरोबर भरलं. म्हणजे काटा खरा, पोतं खरं, आणि खोटी कोण? मी?

डॉक्टर तर सरळ म्हणाला, तुम्ही लपून खाता. मला! मी म्हटलं, लपायला माझी उंची आणि रुंदी बघा. तरी हसला नाही.

समोरची शिंपीण विचारत होती, तुमची नात ज्या दोरावर लोंबकळते तो तुटत नाही का, आणि एवढा जड डबा वर ओढते कोण. मी म्हटलं विचारून सांगते. मलाही झोप लागत नाही, आता तिनं विचारल्यापासून.

आजी


२६ फेब्रुवारी

आजी,

काटा हलत नाही म्हणजे आकडा जास्त आहे. साधं आहे. हजार करू. दोघींना. जूनला वेळ कमी आहे, नखरे नकोत.

माझं झकास चाललंय. सकाळी एक अंडं खाते. ते सोलायला मी मुद्दाम वेळ लावते, कारण सोललं की संपतं. जेवणाचा डबा अकरालाच उघडावासा वाटतो, मी बारापर्यंत त्यावर बसून राहते. दुसऱ्या मजल्यावर जे जोडपं राहतं ना, ते संध्याकाळी कांदा परततात, लोण्यात, अगदी सावकाश, कडा तांबूस होईपर्यंत. मी वर जाताना तिथे बुटाची नाडी बांधते. परवा त्या बाईनं दार उघडलं, म्हणाली, तुमची नाडी फार सुटते हो. तुला आठवतं, बाबा शनिवारी केक काढायचा आणि त्याचा तळाचा करपलेला पापुद्रा खरवडून द्यायचा? काल मला त्याचा वास आला, मशीनरूममध्ये, ग्रीसच्या डब्याशेजारी. खरंच आला.

शिंपिणीला सांग, डबा एकटा नसतो. दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडाचं वजन असतं, डबा वर तर ते खाली. ते वजन किती ठेवायचं यातच सगळं आहे. रिकाम्या डब्याइतकं ठेवलं तर माणसं भरली की मोटर रडते. भरगच्च डब्याइतकं ठेवलं तर रिकामा डबा खाली आणताना रडते. म्हणून डबा आणि वर साधारण अर्धा भार, रोज जी माणसं ये-जा करतात त्यांच्या बेतानं. आणि एका लिफ्टचं वजन दुसरीला चालत नाही. इस्पितळाची वेगळी, ऑफिसची वेगळी. हे मी शिकले तेव्हा मला फार आवडलं होतं, तुला सांगायचं राहून गेलं.

परवा माझ्या हातातून पाना सुटला. खाली खड्ड्यात पडला, तिथे कोणी नव्हतं. उस्ताद उगाच बोंबलले. हात गार पडतात हल्ली, एवढंच.

हजार. विसरू नकोस.

नात


१२ मार्च

हजारवाल्या बाईसाहेब,

हजार म्हणे! पुढच्या पत्रात पाचशे, त्याच्या पुढच्यात मी नुसती भट्टीचा वास घेऊन जगायचं. हा तुमचा फोन वजन कमी करतो की माणूस?

तरी करतेय. टेबलाशी आता इतकं कमी वाढलेलं असतं की ताटाची नक्षी पहिल्यांदा दिसली. फुलं आहेत गं त्यावर! चाळीस वर्षं जेवतेय त्यात, मला वाटायचं पानं आहेत.

काटा? एक्क्याऐंशी आणि वर काहीतरी. तुझ्या बाबाच्या मते तो फरक चपलांचा.

आणि मला कुणी म्हणू नये की मी आळशी. कालचाच दिवस सांगते. पहाटे पहिला घाणा निघाला, मी पत्र्याशी उभी. टोकाचे पाव वाकडे आले, ते काही दुकानात जात नाहीत, एक मी मोडला, एक तुझ्या बाबानं. मग बिस्किटं निघाली, तुटकी वेगळी काढायचं काम माझंच, तुला माहीत आहे, आणि तुटकी बाजूला काढताना तोंडात टाकायची ही तर कामाची पद्धतच. साखर कमी-जास्त कळणार कशी? मग केकचं पीठ, त्याची थापी पुसून धुवायची तर ती चाटूनच साफ होते. दूधवाला आला, त्याच्याबरोबर उभ्या उभ्या अर्धा कप चहा. अंडीवाली आली, तिच्याबरोबर अर्धा. मग कुठे मी टेबलाशी बसले आणि माझं एक अंडं खाल्लं, तुझी आई बोटं मोडत होती. आता सांग, एवढी राबते, एवढंसं खाते, आणि काटा माझ्याशी असा वागतो!

आता तुझ्याकडे येते. तुझं पत्र मी शिंपिणीला वाचून दाखवलं. तिनं तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि विचारलं, तुमची नात काम करते की नुसतं जेवणाचं स्वप्न बघते? मी पुन्हा वाचलं. अंडं, डबा, कांदा, लोणी, केकचा पापुद्रा. दोराचं आणि वजनाचं मधे आलंय तेवढंच. पूर्वी तुझ्या पत्रांत मोटरी असायच्या, बोल्ट असायचे, उस्तादांच्या शिव्या असायच्या. आता उस्ताद एका ओळीत आणि कांदा अर्ध्या पानात. आणि पाना पडतो? तुझ्या हातून? सहा वर्षांची होतीस तेव्हा अंड्यांचा अख्खा पत्रा डोक्यावरून आणलास, एक तडकलं नाही. मला खरं सांग. मी ऐकायला नाजूक नाही, गुडघा तेवढा नाजूक आहे.

आजी


३० मार्च

आजी,

आधी तुझं बघू. मी तुझं पत्र बसमध्ये वाचलं आणि इतक्या मोठ्यानं हसले की शेजारचा उठून दुसरीकडे बसला.

वाकडा पाव, अर्धा म्हटलास तरी दीडशे. तुटकी बिस्किटं, तुझी मूठ मला माहीत आहे, दोनशे. थापी चाटून साफ, शंभर. दोन अर्धे म्हणजे एक कप चहा, तुझ्या साखरेनं, शंभराच्या आसपास. अंडं सोलण्याआधीच तू साडेपाचशे गिळून बसलीस! वर म्हणतेस काटा वाईट वागतो. अगं, तो एकटाच खरं बोलणारा आहे तुमच्या घरात.

आणि मला आठवलं हे कुठून आलं. पणजोबांचा नियम. भट्टीशी उभ्यानं खाल्लेला मोडका माल हिशेबात नाही, बसून खाल्लेला हिशेबात. कामगार चोर ठरू नयेत म्हणून त्यांनी तो केला होता. तू तो नियम घेऊन थेट डॉक्टरकडे गेलीस! पणजोबांना मैद्याचा हिशेब ठेवायचा होता, तुझ्या पोटाचा नाही. आणि आई! तीही त्याच घरात राहून राहून तशीच झाली, टेबलाशी बोटं मोडतेय आणि पाठीमागे तू थापी चाटतेयस.

माझं सगळं ठीक आहे. काही दिवस मला खालचं काम दिलंय, दारांच्या खाचा साफ करायचं, तेल घालायचं. तसं बरं असतं, बदल. पत्र लहान लिहितेय कारण वेळ नाही.

नात


६ एप्रिल

अगं कार्टे,

वेळ नाही म्हणे. तेल घालणारीला वेळ नाही!

मला काय समजतेस? दोन वर्षं दोरावर चढलेल्या मुलीला दाराला तेल घालायला बसवतात, ते बदल म्हणून? तुझ्या आईला म्हटलं, लाव फोन त्या उस्तादाला. नंबर होता तिच्याकडे, आई आहे ना. मी कानाला लावला. बाकी कुणाचं फोनवर ऐकू येत नाही, पण तुझ्या उस्तादाचं आलं. त्या माणसाचा आवाज मोटर बंद असतानाही मोटर चालू असल्यासारखा आहे.

म्हणाला, आजी, ती डब्याच्या छतावर उभी होती, सहाव्या मजल्याशी. डोळ्यांपुढे अंधार आला म्हणाली आणि बसली. मी लाल बटण दाबलं. कठड्याच्या आत बसली म्हणून बरं. डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं, तर म्हणाली अंडं. कालपासून? हो. मग मी तिला खाली आणलं. ती वर जाणार नाही, जेवत नाही तोवर.

मी फोन ठेवला आणि स्टुलावर बसून राहिले. गिऱ्हाईक आलं, गेलं. तुझ्या आईनं पाणी दिलं. ते तसंच परत दिलं. तिला वाटलं रागावलेय. रागावलेच होते, पण तिच्यावर नाही.

सारखा आकडा मागणारी मी. अक्कल बघा माझी! बहात्तर वर्षांची म्हातारी, जी स्टुलावर बसून पाव बांधते, आणि सत्तावीस वर्षांची पोर, जी दिवसभर लोखंडावर चढते, दोघींना एकच वाटी. वर मी बाहेरून पुरवणी घेत होते आणि तू खरोखरच उपाशी होतीस. माझ्यासाठी! आणि तूसुद्धा शहाणी. शिंपिणीला दोराचं आणि वजनाचं समजावलंस, तिनं दोनदा ऐकलं, तिच्याही लक्षात राहिलं. एका लिफ्टचं वजन दुसरीला लावत नाहीत, तूच लिहिलंस ना? रिकाम्या डब्याच्या बेतानं ठेवायचं नाही, तूच लिहिलंस ना? मग स्वतःच्या ताटावर बसताना ते शिक्षण कुठे ठेवून आलीस, ग्रीसच्या डब्याशेजारी?

मी गुडघेवाल्याच्या इस्पितळातल्या पथ्यवाल्या बाईकडे गेले. ही बाई डॉक्टरपेक्षा बरी, हसते. मी तिला सगळं सांगितलं, थापीसकट. ती इतकी हसली की तिला खोकला आला. मग वय विचारलं, उंची घेतली, दिवसभर काय करता विचारलं. म्हणाली, चौदाशे. पण उभ्यानं, बसून, चालत, पत्र्यावरून, सगळं धरून चौदाशे. मी म्हटलं, हे वाढलं की घटलं? म्हणाली, आजी, तुमच्या कागदावर वाढलं, तुमच्या पोटात घटलं. महिन्याला एक किलो जाईल, पण टिकेल. मी म्हटलं, जूनमध्ये माझी तारीख आहे. म्हणाली, जूनपर्यंत दोन-अडीच होईल. सहा नाही.

मी घरी येऊन रात्रभर काही विचार वगैरे केला नाही. सकाळी डॉक्टरकडे गेले आणि जूनची तारीख परत केली. तो म्हणाला, आजी, लोक या तारखेसाठी भांडतात. मी म्हटलं, द्या त्यांना. त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाला, ऑक्टोबरमध्ये बघू. तरी हसला नाही, पण तोंड जरा ताजं वाटलं.

आता तू. तुझ्या डॉक्टरकडे जा, तुझं वय सांग, उंची सांग, लोखंड सांग. तुझा आकडा तुझा. आजपासून आपल्यात काही सारखं नाही. हे मी लिहून देतेय, तुझे आजोबा वर बसून संत्र्याच्या फोडी मोजत असतील तर मोजोत.

आणि जिना कुठे पळून जात नाही.

आजी


२० एप्रिल

आजी,

उस्ताद सगळ्यांना सांगत फिरतायत की हिच्या आजीनं मला फोनवर ‘ए माणसा’ म्हटलं. त्यांना फार आवडलंय. आता तेही सगळ्यांना ‘ए माणसा’ म्हणतात.

डॉक्टरकडे गेले. त्यांनी काम विचारलं. मी सांगितलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, हजारावर तुम्ही लिफ्टच्या शाफ्टमध्ये चढत होतात? कुणी सांगितलं? मी म्हटलं, फोननं. त्यांनी जे तोंड केलं ते तुझ्या गुडघेवाल्यासारखंच असणार. मला एकोणीसशे सांगितलेत, कामाच्या दिवशी थोडं वर. वजन उतरेल, कुणाला दिसणार नाही इतकं हळू. झडपेत अडकले तर अडकले.

पहिल्या दिवशी मी दुसऱ्या मजल्यावरच्या बाईचं दार वाजवलं आणि सांगितलं, नाडी सुटलेली नाही, कांदा हवाय. तिनं ताट वाढलं. बसून खाल्लं.

तू तारीख परत केलीस. मी ती ओळ वाचून पत्र बाजूला ठेवलं आणि जरा खिडकीशी उभी राहिले. तुझा टोमणा उधार राहिला. फेडीन.

पाकिटात बघ. दुसरी किल्ली आहे. घरमालकाकडून करून घेतली. ज्या दिवशी चढशील त्या दिवशी वापर. तोवर बाबाला देऊ नकोस.

नात


४ सप्टेंबर

एकोणीसशेवाल्या श्रीमंत बाई,

किल्ली गळ्यात आहे. तुझ्या बाबानं दोनदा विचारलं, ही कसली? मी म्हटलं, माझी. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

काटा साडेसत्त्याहत्तर! बाबानं पाहिलं, मग त्याला वाटलं काटा बिघडला, पोतं ठेवून बघितलं. पोतं बरोबर. मी म्हटलं, आता कोण खोटं? पोतं खरं, काटा खरा, मीही खरी.

भट्टीशी आता एक बाकडं ठेवलंय. तुटकी बिस्किटं काढायची तर काढ, तोंडात टाकायचं तर बस. पणजोबांचा नियम मी बदलला, भट्टीसमोर उभं राहून जाहीर केलं. बसायला, उठायला गुडघा इतका कुरकुरतो की अर्ध्या वेळा वाटतं, जाऊ दे ते बिस्किट. पथ्यवालीला हे सांगितलं तर म्हणाली, आजी, हे मी माझ्या बाकी लोकांना सांगू का? मी म्हटलं, त्यांच्याकडे बाकडं असेल तर सांग.

चहा बसून. थापी धुऊन. शनिवारी केकचा पापुद्रा खाते, पण बसून, ताटात, सगळ्यांसमोर, आणि तो चौदाशेत धरते. पापुद्रा सोडून जो आकडा जमतो तो पुढच्या शनिवारी मोडतो. हे मला कुणी शिकवलं नाही, पापुद्र्यानंच शिकवलं.

डॉक्टरनं ऑक्टोबरच्या शेवटची तारीख दिली. जाताना मी म्हटलं, आता तरी हसा. त्यानं दात दाखवले. छान आहेत. लपवून का ठेवतो कोण जाणे.

आजी


१७ फेब्रुवारी

(तुझ्याच दाराला चिकटवलेलं पत्र)

पोरी,

दचकू नकोस. हे मीच लिहिलंय, तुझ्याच जिन्यावर बसून, तुझ्याच पेन्सिलीनं. ती पायपुसण्याखाली का ठेवतेस? चोराला निरोप लिहायला?

तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू उस्तादाला घेऊन आली असतीस आणि त्यानं दोर बांधून मला ओढलं असतं. मी चढले. नव्या गुडघ्यानं आणि जुन्या गुडघ्यानं. कठडा धरून, प्रत्येक मजल्यावर टेकून. पहिल्या मजल्यावर एक कुत्रा ओळखीचा झाला. दुसऱ्यावर खरंच कांदा परततायत. तुझी आई तिथेच त्यांच्या घरात बसलीय, म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, माझा गुडघा बोलायला लागलाय. मी म्हटलं, किती कॅलरी खातेस? तिनं माझ्याकडे जे बघितलं ते तू बघायला हवं होतंस.

तुझ्या दाराशी शेवटच्या पायरीवर बसले आणि पिशवीतला बन खाल्ला. आपल्या भट्टीचा, वाकडा निघालेला. अख्खा. बसून खाल्ला, तेव्हा धरून घे.

आता किल्ली लावते.

दार हळू उघड. मी खिडकीशी आडवी झालेली असेन. चहात साखर एक चमचा घाल, आज तेवढी शिल्लक आहे.

किल्ली परत मिळणार नाही.

आजी